मंगलताईंच्या डोळ्याचं माप

३ फेब्रुवारी, सोमवार

ओपीडी तुडुंब. जेवण साडेतीनला. गुरुवारच्या मोतीबिंदूच्या यादीसाठी अकरा जणांची मापं घेतली. दहा सरळ. अकरावं डोक्यात घेऊन घरी आले.

मंगलताई, नेकनूरकडच्या. वय शेहेचाळीस, अंगणवाडी सेविका. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. लेकरांना काट्यावर ठेवलं की आकडा दिसत नाही. मागच्या महिन्यात एका बाळाचं वजन सहा किलो होतं, यांनी मोबाईलमधे आठ भरलं. सुकलेलं लेकरू कागदावर धडधाकट झालं. पर्यवेक्षिकाबाईंनी पकडलं म्हणून बरं. तेव्हाच ठरवलं म्हणे ऑपरेशन करायचं.

सोबत नवरा, भागवतराव. माजी सरपंच. प्रश्न बाईला, उत्तर यांचं.
"आधी चष्मा?"
"छ्या. हिचे डोळे लई तेज व्हते. माझ्या आईला सुईत दोरा हीच ओवून द्यायची. गावात हिला कुणी चष्म्यात पाहिलं न्हाई."
बाई खाली बघत होत्या.

डोळ्याची लांबी सत्तावीस पूर्णांक चार मिलिमीटर. बुबुळाचा गोलावा सदतीस. दोन्ही डोळ्यांत जवळपास तेच. लांबी साधारण साडेतेवीसच्या आसपास असते, गोलावा त्रेचाळीस-चव्वेचाळीस; सदतीस म्हणजे बुबुळ फारच सपाट. एवढा लांब डोळा म्हणजे लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा. आणि हे म्हणतात चष्माच नव्हता. परत मोजलं, तेच. मशीननं आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढून दिला, १७.५. मी फाईलला लावला आणि पुढचा पेशंट घेतला. लावायला नको होता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी लवकर गेले. मशीनसोबत प्लास्टिकचा नमुना डोळा येतो, त्याचं माप ठरलेलं असतं. तो लावून पाहिला. बरोबर. मग सिस्टर शबानाचे डोळे मोजले, माझे स्वतःचे मोजले. बरोबर. म्हणजे मशीनचा दोष नाही.

दुपारभर सदतीस, सदतीस. वीस वर्षं मापं घेतेय. चाळीसच्या खाली क्वचित पाहिलंय, आणि जेव्हा पाहिलं तेव्हा त्यामागं काहीतरी कारण निघालंय.

केजचे ते निवृत्त कंडक्टर आठवले. तेव्हा डोळ्याला काडी टेकवून मापायचं जुनं मशीन होतं. माझा हात जरा दाबला गेला, डोळा होता त्यापेक्षा आखूड मोजला गेला, लेन्स जास्त नंबरची बसली. ऑपरेशन झकास, पण लांबचं धूसर. "असू द्या ताई, तुमी कुठं मुद्दाम केलंय," म्हणाले. शिव्या दिल्या असत्या तर एवढे लक्षात राहिले नसते.

५ फेब्रुवारी, बुधवार

आमच्या डॉक्टर सरांना सांगितलं. सर कमी बोलतात. फाईल पाहिली, चष्मा कपाळावर चढवला.
"महानंदाबाई, इतका सपाट कॉर्निया जन्मतः? दोन्हीकडं सारखाच?"
"म्हणूनच म्हणते सर."
"लेझर? चष्म्याचा नंबर घालवायचं?"
"नवरा म्हणतो चष्मा कधीच नव्हता."
"नवरा म्हणतो. बाई काय म्हणते?"

बाईंचं उत्तर मी ऐकलंच नव्हतं. तोंडावर पाणी मारल्यासारखं झालं. खोलीत प्रश्न टाकला, ज्यानं उत्तर दिलं त्याचंच लिहून घेतलं.

फोन लावला. भागवतरावांनीच उचलला. परत मोजायचंय म्हटलं तर चिडले. "उद्या ऑपरेशन म्हणले व्हते. आता परत मोजायचं कावून? कापड हाय का ते, दोनदा मोजायला?" मी म्हटलं, कापड असतं तर एकदाच मोजलं असतं. मग म्हणाले, येतो.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दोघं आठलाच हजर. भागवतराव मशीनच्या खोलीत शिरायला लागले. आत एकच माणूस, असं सांगून दार लावून घेतलं. असा नियम नाही. आज केला.

मोजलं. तेच आकडे. मग मशीन बंद केलं, स्टूल जवळ ओढलं. म्हटलं, ताई, इथं आपण दोघीच. डोळ्याला आधी कधी लेझर केलंय का? चष्म्याचा नंबर घालवायचं?

लगेच "न्हाई." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. बाहेर शबाना नावं पुकारत होती.

"त्याचा आन् मोतीबिंदूचा काय संबंध?" म्हणाल्या.

मी टेबलावरची प्लास्टिकचं बुबुळ दाखवलं. म्हटलं, लेझरनं ही वरची काच घासून सपाट करतात. मशीनला ते कळत नाही. ते समजतं काच जन्मापासून अशीच आहे, आणि त्या हिशोबानं आतल्या लेन्सचा नंबर काढतं. तो चुकतो. ऑपरेशन चांगलं होतं, मोतीबिंदू निघतो, आणि तरी नीट दिसत नाही. ना लांबचं, ना जवळचं.

बाईंनी मग सांगितलं.

धारूरचं माहेर. शाळेपासून जाड चष्मा. पोरं काय काय म्हणायची. दोन स्थळं चष्मा बघून परत गेली. एकानं तर सांगितलंच, उद्या लेकरंबी आंधळी निघतील. मग मामानं पुण्याला नेलं. "मामानं खर्च केलता. दोन दिवसांत सगळं दिसाया लागलं, ताई. झाडाची पानं वेगळी वेगळी दिसली." चार महिन्यांनी भागवतरावांचं स्थळ. आईनं देवासमोर शपथ घातली, सासरी कधी तोंड उघडायचं नाही.

"बावीस वर्सं झाली. मलाबी वाटाया लागलतं की चष्मा कधी नव्हताच. मला वाटलं ते वरचं काम, हे आतलं. याला त्याचं काय करायचंय."

मग हात धरला माझा. "त्यांना सांगू नका. डॉक्टरलाबी नको."
मी म्हटलं, डॉक्टरांना सांगावंच लागेल, नाहीतर मी नंबर देऊ शकत नाही. घरच्यांना सांगायचं का नाही, ते तुमचं. त्यात आम्ही पडत नाही.
"मग नगंच ऑपरेशन."

उठून दारापर्यंत गेल्या. कडीला हात. तशाच उभ्या राहिल्या, पाठ माझ्याकडं. मग दाराकडंच बघत म्हणाल्या, "त्या लेकराचं वजन चुकलं ना ताई. ते काय केल्या डोक्यातून जाईना."

परत येऊन बसल्या. सांगा डॉक्टरला, म्हणाल्या.

६ फेब्रु., संध्याकाळ

सकाळचं अर्धवट राहिलं ते. सरांनी बाईंना दिव्याखाली परत नीट पाहिलं. बुबुळावर केसाएवढी बारीक गोल रेघ. जुन्या लेझरची. "मी पाहायला हवं होतं," सर म्हणाले. "घाईत मोतीबिंदूच पाहिला." पंधरा वर्षं सोबत काम करतेय, स्वतःची चूक अशी सरळ बोलताना फार कमी ऐकलंय.

ऑपरेशन पुढं ढकललं. भागवतरावांना सरांनी एवढंच सांगितलं, माप अजून पक्कं नाही, पक्कं झाल्याशिवाय हात लावणार नाही. खोटं काही नव्हतं त्यात. भागवतराव कुरकुरले, मग म्हणाले, "डोळ्याचं काम हाय. घाई नगं."

१७.५ ची लेन्स टेबलावर काढून ठेवलेली होती. मी स्वतः परत कपाटात ठेवली. वाचलो.

८ फेब्रुवारी, शनिवार

लेकीचा, ऋतुजाचा फोन, संभाजीनगरहून. लातूरकडच्या स्थळाला फोटो गेला का विचारत होती. गेलाय. त्यात तिचा चष्मा नाही. साडेचारचा नंबर आहे पोरीला, आणि मीच म्हटलं होतं दिवाळीत, फोटोपुरता काढून ठेव.

दुसरा फोटो काढून पाठव म्हटलं, चष्मा घालून.
"तूच तर काढायला लावलतास."
हो, मीच.
"मग आता काय झालं?"
काय सांगणार. पेशंटचं पेशंटपाशी. म्हटलं, काही नाही, चष्म्यात तू तुझ्यासारखी दिसतेस. हसली. हे ऐकून जाऊबाई म्हणाल्या, तुमचं डोकं फिरलंय, आलेलं स्थळ घालवाल. आमच्या यांनी दुकानातून येऊन दोन्ही बाजू ऐकल्या आणि जेवायला वाढा म्हणाले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सरांना लेझरच्या आधीचा नंबर हवाय. तो कळला तर हिशोब जास्त भरवशाचा. मंगलताईंनी अंगणवाडीतून फोन केला, मागं लेकरांची कविता चालू होती. पुण्याचे कागद नाहीत. त्या दवाखान्याचं नावही आठवत नाही. मामा वारले, आई वारली. धारूरला भाऊ आहे, त्याला विचारते म्हणाल्या. भावाला माहीत आहे, पण त्या दोघांत या गोष्टीवर कधी शब्द झालेला नाही. आता पहिल्यांदा होणार.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

भाऊ आले. किराण्याचं दुकान धारूरला, डोंगरातून मोटरसायकलवर, मफलर तसाच. कागद नाही मिळाला. पिशवीतून स्टीलचा डबा काढला, आत फडक्यात गुंडाळलेला चष्मा. तपकिरी फ्रेम, एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. आईनं जपून ठेवला होता.

"आई म्हणायची, लेकीनं धा वर्सं हा घालून अभ्यास केला, कसा फेकू."

कागदापेक्षा बरं. चष्म्याचा नंबर मोजायच्या यंत्रावर काच ठेवली. उजवी उणे नऊ. डावी उणे साडेआठ. सरांना ओरडूनच सांगितलं मी, ओपीडीत सगळे बघायला लागले.

भाऊ थांबले होते. काही विचारायचं होतं बहुतेक. शेवटी म्हणाले, "दिसंल ना तिला?" म्हटलं, आज कालच्यापेक्षा जास्त खात्री आहे. चहा न घेता गेले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सर दोन दिवस याच हिशोबावर. तीन पद्धतींनी काढलं. १९.५, २०, २०.५. संभाजीनगरच्या त्यांच्या जुन्या मित्राला आकडे पाठवले, त्याचंही २०. लेन्स २० ची मागवली.

म्हणजे अडीचचा फरक. पहिली बसली असती तर दोनेक नंबरचा चष्मा लागला असता, तोही लांबच्यालासुद्धा. काट्यावरचा आकडा परत पुसटच.

सरांनी मंगलताईंना स्पष्ट सांगितलं, लेझर झालेल्या डोळ्याचं माप शंभर टक्के कुणी सांगू शकत नाही, थोडं इकडंतिकडं होऊ शकतं, जवळचा चष्मा लागेलच. त्या म्हणाल्या, "चष्मा लागू द्या. आता मला चष्म्याची भीती न्हाई." भागवतराव दारातच होते. ऐकलं का नाही, कळलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपवास. सकाळी कंकालेश्वराच्या देवळात. तळ्याकाठी गर्दी मायंदाळ, रांगेत दीड तास. उद्याची यादी डोक्यात. देवाकडं दुसऱ्याच्या डोळ्याचं मागणं पहिल्यांदाच मागितलं असेल.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

झालं. उजवा डोळा. वीस मिनिटं. थिएटरमधे लेन्सच्या डब्यावरचा नंबर सरांनी वाचला, मी फाईलवरचा वाचला, मग अदलाबदल करून परत वाचला. विसाची. आत गेली, उलगडली.

भागवतराव बाहेर बाकावर, टोपी मांडीवर. दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. माजी सरपंच एवढा वेळ गप्प बसू शकतो हे मला माहीत नव्हतं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पट्टी काढली. तक्ता वाचायला लावला. तिसऱ्या ओळीवर अडल्या. नंबर तपासला, अधिक एक. लांबचं अस्पष्ट. चुकलो का? परत?

सर म्हणाले, लेझर झालेलं बुबुळ ऑपरेशननंतर सुजलं की आणखी सपाट होतं. सूज उतरू दे. आठ दिवस थांबा.

मंगलताईंना काही कमी वाटत नव्हतं. "उजेड किती पांढरा हाय," म्हणत होत्या. माझ्या साडीचा रंग सांगितला. मी हसले. घरी येऊन भाजीत दोनदा मीठ घातलं.

४ मार्च, मंगळवार

आठ दिवस म्हणजे किती असतात. लातूरकडच्यांचा फोन नाही. नवा फोटो जाऊन तीन आठवडे झाले. जाऊबाई काही बोलत नाहीत, तेच जास्त लागतं. ऋतुजाला विचारलं वाईट वाटतंय का. "आई, मला सुट्टी मिळंना, त्याचं वाईट वाटतंय," म्हणाली.

७ मार्च, शुक्रवार

आल्या. हात धुतले, तक्त्याचा दिवा लावला. डावा डोळा झाकून वाचायला सांगितलं. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी. थांबल्या नाहीत. शेवटच्या ओळीत दोन अक्षरं चुकली फक्त.

नंबर तपासला. उणे अर्धा. सरांनी धरला होता तोच. शबानाला म्हटलं तू बघ. तिनं पाहिला. उणे अर्धा.

जवळचा चष्मा लावून मोबाईल दिला हातात. अंगणवाडीचं पान उघडलं त्यांनी. वजनं वाचायला लागल्या, एकेका लेकराचं नाव घेऊन. त्या सुकलेल्या बाळाचं आता साडेसहा झालंय. मी तोंड धुवायला आत गेले आणि नळ बराच वेळ चालू ठेवला.

सर फक्त म्हणाले, "महानंदाबाई, त्या दिवशी तुम्ही थांबवलं नसतं तर." मग फाईलवर पहिल्या पानावर लाल शाईनं मोठ्या अक्षरात लिहिलं, दोन्ही डोळ्यांना पूर्वी लेझर झालेलं. पुढं कुठल्याही डॉक्टरला कळावं म्हणून. तेच पेशंटच्या कार्डावरही. मंगलताईंना विचारूनच. थोडा वेळ कार्ड हातात धरून बसल्या, मग लिहा म्हणाल्या.

आज झोप लागेल.

१७ मार्च, सोमवार

दुसऱ्या डोळ्याची मापं. पहिल्याचा निकाल हातात आहे, त्यामुळं या वेळी हिशोब सोपा. डाव्याला २०.५ निघाली. सर, मी, शबाना, तिघांनी वेगवेगळं काढलं.

मंगलताई डोळ्यात थेंब घालून बाहेर बसल्या होत्या. भागवतराव एकटेच माझ्या खोलीत आले. दार लावून घेतलं.

"ताई, कार्डावर लेझर लिवलंय. इंग्रजी मला लई येत न्हाई, पण एवढं वाचता येतं."

आणि स्वतःच म्हणाले, "तुमी सांगू नका. तुमाला इचाराया न्हाई आलो." मग खुर्चीवर बसले, टोपी काढली.

"आठ दिवस झाले वाचून. तिला काय इचारलं न्हाई. पहिल्यांदा राग आला, खोटं कावून सांगू. बावीस वर्सं. मग इचार केला, आधी सांगितलं असतं तर म्या काय केलं असतं? खरं सांगू का? त्या टायमाला मोडलं असतं लगीन. माझ्या बापानं मोडलं असतं आन् म्या गप बसलो असतो." टोपीची घडी घालत होते. "मग तिचं चुकलं म्हणावं का माझं?"

म्हटलं, हे मला नका विचारू. त्यांच्याशी बोला.

"बोलंल. पण कसं काढावं?"

तेवढ्यात बाहेरून मंगलताईंची हाक, "आवं, दुसरा थेंब घालायचाय." ते उठले. दारात थांबून विचारलं, "या वेळच्या मापात काय घोळ न्हाई ना?" नाही म्हटलं. मान हलवली.

काचेतून दिसत होतं. बाई मान मागं टाकून बसलेल्या, हे वाकून पापणी धरून थेंब घालताहेत. हात एकदम स्थिर. थेंब घालून झाला तरी पापणीवरचं बोट काढलं नाही. काहीतरी बोलत होते. बाईंचे डोळे मिटलेले. ओठ हलले, म्हणजे त्याही काहीतरी बोलल्या. आत ऐकू आलं नाही. शबानानं पुढचा पेशंट पाठवला, मी दिवा लावला.

गुरुवारी डावा डोळा.